पाव्हणा

विरुपाक्ष सोनाराने चांदीचं नाणं मुशीत टाकलं आणि चिमट्याने मूस उचलली, तेवढ्यात गोजरबाईने हात आडवा घातला.

"थांबा वाईच. एकदा बघू द्या."

भट्टी पेटली होती, कोळसा काही फुकट येत नाही. पण बाई धनगरांच्या वस्तीवरून शहरातल्या सात रस्त्यापर्यंत पायी आलेली. त्याने नाणं पुन्हा तिच्या तळहातावर ठेवलं. मेंढ्या बसवलेल्या रानात तिला ते सापडलं होतं. ते आटवून नवऱ्याचा टाक करायचा होता. माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती ठोकून देव्हाऱ्यात बसवायची. तोवर बिचारं बाहेरच भटकतं. गोजरबाईचा नवरा लग्नाच्या वर्षीच जर्मनच्या लढाईत खेचरं हाकायला बसऱ्याला गेला, तो तिकडंच मेला. मढं नाही, माती नाही, मग टाक कशाचा, असं म्हणत दीर बिरप्पा इतकी वर्षं अडून बसला होता. आता कुठे हो म्हणाला होता.

"कोन हाय ह्यो?"

"रोमचा बादशहा. हेडमास्तरांनी असलंच एक ओळखलं होतं. लई जुना. ते राज्यसुद्धा बुडालं."

"बादशा कसला! मुंडावळ्या बांधल्यात की."

विरुपाक्षाला हसू आलं. नाण्यावरल्या माणसाच्या डोक्यावर पानांचा मुकुट होता, त्याच्या दोऱ्या मानेमागे लोंबत होत्या.

"मुकुट आहे तो, बाई."

तिला ते पटलं नाही. ती अंगठ्याने दोऱ्या चाचपत राहिली. मालकांचं तोंड तिला आता आठवत नव्हतं. मुंडावळ्या तेवढ्या आठवत होत्या. एकटी असली की तोंड विसरल्याचंच रडू यायचं.

"हितं कसा आला ह्यो?"

"आला असेल कुणा व्यापाऱ्याबरोबर. राहिला मातीत."

"आन् ह्याच्या घरी कळलं आसंल का?"

विरुपाक्ष भाता हलवू लागला.

तिने नाणं पदराच्या गाठीत बांधलं आणि दंडातली चांदीची वाकी ओढू लागली. वैरागच्या बाजारात मालकांनी घेतलेली, तेवढीच एक. दंडात रुतलेली, निघता निघेना.

"ही आटवा. मालकांचा टाक हिचा करा."

"अहो, राहू द्या की ती! नाणं आहे ना."

"नवरदेवाला आगीत घालू व्हय?"

ऊन कलेपर्यंत टाक तयार झाला. तिने तो नाण्यासोबत एकाच फडक्यात गुंडाळला.

"दीर विचारेल, देव्हाऱ्यात हा दुसरा कोण म्हणून."

"पाव्हणा हाय म्हनंन." ती उंबऱ्यात थांबली. "आमच्या मालकास्नी बी तिकडं कुनी तरी घरात घेतलं आसंल की."