तिसरं काडतूस

अब्बास परकारने ती बंदूक हातात घेतली खरी, पण चेहरा असा केला, की जणू कुणी शिळी मासळी ताजी म्हणून त्याच्या गळ्यात मारायला आलं आहे.

"प्लास्टिक," तो म्हणाला.

"पॉलिमर, अब्बासभाई," देवव्रत कानिटकरने दुरुस्ती केली.

"नाव बदललं म्हणून त्याचं अक्रोडाचं लाकूड होत नाही, साहेब."

देवव्रत हसला. कतारमध्ये लुसैलच्या वाटेवर वाळूत वसलेल्या या नेमबाजी क्लबचा तो मॅनेजर होता. पुण्याचा, हॉटेल व्यवसायातून आलेला. क्लबमध्ये येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. अब्बास रत्नागिरीचा. बंदुकांची निगा राखायची आणि नेम धरायला उभ्या राहिलेल्या पाहुण्यांवर नजर ठेवायची, ही दोन्ही कामं तो इथे तरुणपणापासून करत आला होता. सगळे त्याला लाइन मास्तर म्हणत. गळ्यातली पितळी शिट्टी वाजली, की लाइनीवर शेखसुद्धा जागच्या जागी थांबे. इतका मान त्याला जगात दुसरीकडे कुठेही नव्हता, आणि हे तो चांगलं जाणून होता.

"पुढच्या हिवाळ्यात फुटबॉलचा वर्ल्ड कप," देवव्रत सांगू लागला. "दोन मॅचच्या मधल्या दिवशी माणूस करणार काय? उंट, वाळवंट आणि आपण. आयुष्यात बंदूक न धरलेले लोक येणार. त्यांच्या हातात तुमच्या दुनळ्या देऊ? परवा त्या बाईंचा खांदा काळानिळा झाला."

"दस्ता खांद्याला नीट टेकवला नव्हता त्यांनी."

"तेच म्हणतोय मी. हिच्यात धक्क्यातला बराचसा जोर पुढचं काडतूस आत घेण्यातच खर्च होतो. नळी एकच, त्यामुळे नेम धरायला सोपी. भाग मशीनवर बनतात. एखादा मोडला तर दुसरा काढून बसवायचा. तुमच्या दुनळीचा सांधा ढिला झाला, की तुम्ही आठवडाभर कानस घेऊन बसता. एका चांगल्या दुनळीच्या किमतीत अशा तीन येतात. आणि दोनाऐवजी तीन बार. म्हणून तर जगभर हीच खपते."

"जगभर प्लास्टिकच्या खुर्च्याही खपतात," अब्बास म्हणाला.

जी वस्तू खपते ती चांगली, असं मानणाऱ्या माणसांविषयी त्याला मनापासून तिटकारा होता. दुनळीच्या दोन नळ्या कुणीतरी कारागिराने हाताने जोडलेल्या असतात. बार काढून बघायचा, डाख वितळवून नळी केसभर हलवायची, पुन्हा बार काढायचा. दोन्ही नळ्यांचे छर्रे एकाच जागी पडेपर्यंत त्या माणसाची सुटका नसते. असलं काम एका बाजूला, आणि साच्यातून पडलेली ही नळी दुसऱ्या बाजूला. शिवाय दुनळी बिजागरीपाशी मधोमध मोडून, म्हणजे उघडून, हातावर टाकली, की शंभर पावलांवरच्या माणसालाही ती रिकामी असल्याचं दिसतं. ही नवी कायम तोंड मिटून असते. पोटात काय आहे याचा पत्ता लागू देत नाही. आणि तिसरा बार? ज्याला तिसऱ्या बाराची गरज पडते त्याला नेमबाजी जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"हेड ऑफिसला लाइन मास्तरचं मत हवंय," देवव्रत म्हणाला. "तुम्ही हो म्हणालात तर सगळ्या दुनळ्या बदलू. नाही म्हणालात तर कारण द्या. पण आधी चालवून तर बघा."

"चालवतो. जालिंदर, काडतुसं आण!"

जालिंदर साताऱ्याकडचा. तोही पूर्वी लाइनीवरच असे. दोन वर्षांपूर्वी एकदा न मोडलेली दुनळी हातात असतानाच तो बोलायला मागे वळला होता. 'रिकामी होती ओ, भाई,' असं त्याने पुन्हा पुन्हा सांगितलं. 'रिकामी होती हे तुला माहीत. समोरच्याने काय समजायचं?' एवढं बोलून अब्बासने त्याला काडतुसांच्या काउंटरवर पाठवलं. ज्याची बंद बंदूक माणसांकडे वळली, त्याची लाइन कायमची बंद, हा नियम अब्बासचाच. जालिंदरने नंतर एकदा चुकून झालं म्हणून विनवलं, तेव्हा अब्बासने त्याच्याकडे बघायचेही कष्ट घेतले नव्हते. चूक करून सवलत मागणारी माणसं त्याला नळीतल्या गंजासारखी वाटत.

जालिंदरने तीन लाल काडतुसं आणून दिली. अब्बासने ती एकेक करून आत सारली आणि लाइनीवर उभा राहिला. दूर स्टेडियमची सोनेरी वाटी उन्हात चमकत होती, तिच्याभोवती क्रेन उभ्या होत्या.

"सोड!"

यंत्रातून मातीच्या दोन चकत्या एकदमच उडाल्या. धाड, धाड. दोन्हींचा हवेतच भुगा झाला. धक्का खरोखरच कमी बसला, आणि त्याचाही अब्बासला राग आला.

इतक्या वर्षांत दुसरा बार झाला, की त्याचा अंगठा आपोआप कळीवर जाई, दुनळी मोडे, आणि मग तो वळे. आजही अंगठा सरकला. तिथे कळ नव्हती. पण अंग कुठे थांबतंय? अब्बास विजयाने गर्रकन वळला.

"बघितलंत? तिसऱ्याची गरजच काय—"

त्याचं वाक्य तोंडातच राहिलं. जालिंदर धावत पुढे आला होता, आणि देवव्रतच्या पोटाच्या दिशेने फिरलेली नळी त्याने तळहाताने वाळूकडे दाबून धरली होती.

"भाई," तो अगदी हळू म्हणाला, "एक आत हाय अजून."

देवव्रत फोनमध्ये मान घालून उभा होता. आवाज थांबल्यावर त्याने वर पाहिलं. "दोन्ही फुटल्या? क्या बात है! काय झालं?"

"काय न्हाई, साहेब. भाईंचा पाय सरकला वाळूत."

अब्बासने जालिंदरच्या चेहऱ्यावर सुडाचा आनंद शोधला. तो सापडला असता तर बरं झालं असतं. तिथे नुसती काळजी होती.

त्याने बाजूचा खटका मागे ओढून बंदूक उघडली. तिसरं काडतूस वाळूवर पडलं.

"मग काय लिहू?" देवव्रतने विचारलं. "हो की नाही?"

या बंदुकीविरुद्ध ठोस पुरावा आता अब्बासच्या हातात होता. जिच्या पोटातलं दिसत नाही, ती मुरलेल्या माणसालाही फसवते. दुनळ्या वाचवायला याहून मोठं कारण नव्हतं. पण ते सांगायचं तर फसलेला माणूस कोण, हेही सांगावं लागणार होतं. गप्प राहिलं तर दुनळ्या जाणार, शिट्टी मात्र राहणार. जालिंदरने तर त्याच्यासाठी खोटं बोलूनही टाकलं होतं.

"पाय सरकला नाही, साहेब," अब्बास म्हणाला. "भरलेली बंदूक घेऊन मी तुमच्याकडे वळलो. दोन बारांनंतर ती रिकामी झाली, असं माझ्या अंगाने गृहीत धरलं. याने नळी दाबली नसती तर तुमच्या आतड्यांचं काय झालं असतं, अल्ला जाणे. लिहा हे. माझ्यासारखा फसतो, तिथे तुमचे पाहुणे काय करतील?"

देवव्रतचा चेहरा पांढरा पडला. त्याने पोटावरून हात फिरवला. पण थोड्याच वेळात त्याच्यातला मॅनेजर शुद्धीवर आला.

"पण अब्बासभाई, हा ट्रेनिंगचा प्रश्न झाला, बंदुकीचा नाही. तुम्हाला दुनळीची सवय म्हणून तुम्ही फसलात. पाहुण्यांना तर कसलीच सवय नाही! रिकामी आहे हे लांबून दिसावं म्हणून बंदुकीत खोचायला नारिंगी पट्ट्या मिळतात, त्या मागवू. खलास. आणि दुनळ्या लाउंजच्या भिंतीवर लावू. काय मस्त दिसतील!"

अब्बासला हसू आलं. इतका स्वच्छ, तल्लख मूर्खपणा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. त्यातही वाईट हे, की सवयीबद्दल तो मूर्ख बरोबर बोलत होता.

त्याने गळ्यातली शिट्टी काढली आणि जालिंदरपुढे धरली.

"आवो भाई, येडं झाला काय? मी कुनाला बोललो का?"

"नियम माझाच आहे ना? घे. आणि त्या दिवशी तुझी खरंच रिकामी होती. मी ती स्वतः उघडून बघितली होती."

जालिंदरने शिट्टी घेतली, शर्टाला पुसली आणि गळ्यात घातली.

नोव्हेंबरात वर्ल्ड कपच्या पाहुण्यांची झुंबड उडाली. भिंतीवरच्या दुनळ्यांसमोर उभं राहून लोक फोटो काढत आणि प्लास्टिकची बंदूक घ्यायला बाहेर जात. प्रत्येक बंदूक जालिंदर करंगळी आत घालून तपासत असे. पट्टीवर त्याचा विश्वास नव्हता. काडतुसांच्या काउंटरमागून अब्बास ते पाहत असे आणि त्यात काही खोट सापडत नाही म्हणून चरफडत असे.

एका दुपारी गळ्यात रंगीत मफलर घातलेला एक गोरा पाहुणा काउंटरशी आला. जुन्या सवयीने अब्बासने त्याच्यापुढे दोन काडतुसं ठेवली.

"भाई, तीन," लाइनीवरून जालिंदर ओरडला.

"माहितीय," अब्बास खेकसला, आणि तिसरं काडतूस नखाने, जणू हात बाटेल अशा बेताने, पुढे ढकललं.