टिंबांना आवाज नसतो

मला दिसत न्हाय, पण ऐकायला लई येतं. वहिनी मला भाकरी वाढताना जो उसासा टाकते, तो मला भाकरी तव्यावर असतानाच ऐकू येतो. म्हणून मला तालुक्याच्या दूध संघात टेलिफोनवर बसायचं होतं. संघाचे अध्यक्ष, आमच्याच गावचे आबाराव, म्हणाले, "सहकाराचं पुस्तक वाचून ये, तोंडी विचारीन. आलं तर नोकरी, न आलं तर घरी बस." घरी बसूनच जन्म चालला होता माझा, त्यांना काय सांगायचं!

छापलेलं पुस्तक माझ्या काय कामाचं? मला टिंबांचं लागतं, बोटांनी वाचायचं. मग असं ठरलं, कुणीतरी पुस्तक टेपरेकॉर्डरमध्ये वाचायचं, आणि मी टेप ऐकत जाड कागदावर एकेक टिंब टोचत ब्रेलमध्ये उतरवायचं. टेप शाळेच्या मास्तरांचा, उसना. कॅसेट एकच. एक धडा उतरवला की त्याच्यावरच पुढचा भरायचा, मागचा पुसून जायचा.

आमच्या येरमाळ्यात खणखणीत वाचणारा माणूस एकच, देवळात पोथी वाचणारे हिंमतमामा. पण पोथीची रीत असती. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. मामा ओळ वाचली की थांबणार, आणि अर्थ झाल्याबिगर पुढं सरकणार न्हाईत. म्या म्हटलं, "मामा, ह्याला अर्थ नको, सरळ वाचा." तर म्हणाले, "अर्थाबिगर वाचलं तर पाप लागतं." सहकाराचं पुस्तक, अन् पाप! मग अर्थ सांगणारे दगडोबाकाकाही पानाचा डबा घेऊन आले. त्यांना अक्षरओळख न्हाय, पण त्यावाचून त्यांचं कधी अडलं न्हाय.

पहिले धडे सोपे गेले. मामांचा आवाज पातळ, काकांचा घोगरा. पातळ आवाज आला की टोचायचं, घोगरा आला की हात थांबवायचा. काकांनी सहकारात बैल आणले, जावई आणले, स्वतःची सासुरवाडीसुद्धा आणली. मी आपली गप ऐकत बसायची.

शेवटच्या धड्याला घोटाळा झाला. तोवर काकांना पुस्तकाची गोडी लागली होती आणि ते पुस्तकासारखंच बोलायला लागले होते, 'तद्वतच' न् फिद्वतच. त्यात ऐकताना टेपचे सेल उतरले, आवाज जाड न् ओढत यायला लागला. दुकानात नवे न्हाईत. दोघंही दावणीच्या म्हशीसारखे रेकायला लागले, कोण मामा न् कोण काका कळंना. मुलाखत दुसऱ्या दिवशी. म्या सगळंच टोचून ठेवलं. टिंबांना आवाज नसतो. कोण काय बोललं ते कागदावर उरत न्हाय. सकाळी मास्तर टेप घेऊन गेले.

संघाच्या कचेरीत आबाराव आणि संचालक चहा पीत होते. चार प्रश्न झाले, चारही आले. मग आबाराव म्हणाले, "सहकाराला घातक गोष्टी सांग."

"सभासदांची उदासीनता," म्या म्हटलं. "सभा वेळेवर न घेणे. तद्वतच, दुष्काळात आलेला पाण्याचा टँकर अध्यक्षाने स्वतःच्या विहिरीत रिकामा करून घेणे व गावास पाणी संपले असे सांगणे."

कुणाची तरी बशी वाजली. एक जण खोकत बाहेर गेला.

"हे कुठं लिहिलंय?" आबारावांनी विचारलं.

"पुस्तकात, साहेब."

"छापून?"

"व्हय. साऱ्या राज्यात लावलंय की. वाचून दाखवू?" म्या पिशवीतनं कागद काढला, बोट फिरवलं आणि स्पष्ट वाचलं. "तद्वतच, त्या पाण्यावर मोसंबीची बाग जगवणे."

"बास, बास," आबाराव म्हणाले. "उद्यापासून कामावर ये."

मी पेढे घेऊन दगडोबाकाकांकडं गेले आणि झालेलं सांगितलं. काकांनी पेढा तोंडात टाकला. "पोरी, टँकरचं पुस्तकात न्हाय. ते बहात्तर सालचं, आबारावांचंच. तू तवा अंधशाळेत व्हतीस."

"काका, माझी नोकरी गेली असती की!"

"म्या फकस्त अर्थ सांगितला," काका म्हणाले, आणि दुसरा पेढा घेतला.

लई राग आला. नोकरी माझ्या अभ्यासानं मिळाली का त्या मोसंबीमुळं, हेही कळंना. पण पगार चालू झाला आणि वहिनीचा उसासा बंद झाला, म्हणून मी तोंड मिटून बसले.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आड कोरडे पडले. येरमाळ्यात बाया घागरी घेऊन रस्त्यावर. एका दुपारी आतल्या खोलीतनं आबारावांचा फोन आला. "जगदेवी, टँकरवाल्याला लाव. म्हणावं, येरमाळ्याला गाडी पाठव."

या खेपेला पुस्तकाचा आडोसा नव्हता. विचारलं तर म्या विचारलं असंच होणार होतं. वहिनीचा उसासा आठवला.

"कुणाच्या विहिरीवर सांगू, साहेब?"

लाईनवर नुसती खरखर. मी रिसीव्हर धरून बसले.

"गावाच्या," आबाराव म्हणाले.

"लावते, साहेब," म्या म्हटलं.