एकशे अठराची पाटी

करवतवाले बागेत शिरले तशी पाटीवाली नोंदवही घेऊन त्यांच्यामागे निघाली.

वृक्षोद्यानातल्या अकराशे झाडांच्या नंबरपाट्यांची नोंद तिच्याकडे होती. चाळीस वर्षांपूर्वी इथे दगडाची खाण होती. ती बुजवून, देशोदेशीची रोपं आणून लोकांसाठी ही बाग उभी केली. तेव्हापासून झाड ओळखायचं ते खोडावरच्या पत्र्याच्या नंबरावरून. पानगळीत सगळीच बोडकी, मग डोळ्यांवर विसंबणार कोण?

आज, ऐन पानगळीत, तोडायचं होतं एकशे अठरा. त्याला बुरशी लागली होती. ते राहिलं तर वर्षभरात अख्खी रांग आडवी होणार, असं तपासणीवाल्यांनी बजावलं होतं.

आणि एकशे अठराची पाटी दिसत होती भिंतीकडच्या झाडावर! उन्हाळ्यात हाच नंबर वाटेकडच्या झाडावर होता. त्याची रोगट पानं तिने स्वतःच्या हाताने खुडली होती. मधे पाट्या रंगवायला काढल्या मामांनी, आणि परत ठोकल्याही त्यांनीच. सख्खे मामा, बागेचे हेडमाळी, तिला इथे चिकटवणारे. वाटेकडचं झाड म्हणजे त्यांचा जीव की प्राण. खाणीच्या राडारोड्यात रुजलेलं पहिलं रोप ते. त्याला पाणी घालायला हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या दिवशीही इकडे पळाला होता. मामी अजून टोमणे मारते.

चुकून झालं असेल, असं तिने मनाला समजावून पाहिलं. पण मामा तिच्याकडे बघायलाच तयार नव्हते.

यंत्र गुरगुरलं. तिने ते बंद करायला लावलं. करवतवाल्याने वैतागून कागद दाखवला, मग पाटी दाखवली. नंबर जुळत होता. त्याचं काहीच चुकत नव्हतं. बोलावं तर मामांची अब्रू जाणार, गप्प बसावं तर धडधाकट झाड जाणार आणि मागोमाग रांगही. ती मामांजवळ गेली.

"मामा, पाट्या अदलाबदल होऊन लागल्यात. चुकून, असं लिहिते मी."

मामांनी आता तिच्याकडे पाहिलं.

"चुकून नाही लागल्या. पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. तोवर तरी ते उभं राहील असं वाटलं. खरं काय ते लिही."

तिला रडू फुटलं. मामांनी पकडीने दोन्ही पाट्या उपटल्या, मूळच्या जागी ठोकल्या आणि करवतवाल्याला वाटेकडच्या झाडापाशी नेलं.

"अगदी जमिनीलगत काप," ते म्हणाले. "बुंधा ठेवलास तर बुरशी राहते."