पाट्याचा कोयता

सोमनाथला कुठंही पातं दिसलं की त्याचा अंगठा शिवशिवायला लागायचा. लग्नाच्या मांडवात लोक नवरीकडं बघायचे, हा आचाऱ्याच्या सुरीकडं. त्याची बायको संध्या माहेरी निघाली की आधी फोन करून विळी लपवायला सांगायची, कारण चहा यायच्या आत जावईबापू विळीवर अंगठा फिरवून 'हे पोलाद काही खरं नाही' असं सांगून मोकळे व्हायचे. आता बारा वर्षं वाळूजच्या एका कारखान्यातल्या शॉपमध्ये भट्टीपुढं उभा राहिलेला माणूस, लोखंड तापवून कडक करायचं हेच त्याचं काम. त्याला कोण बोलणार?

त्याची आवड ठरलेली होती. घरातल्या सुरीला बेअरिंगचं पोलाद. त्याला बारीक धार येते, टोमॅटो न दाबता कापला जातो, अन् महिना महिना बघावं लागत नाही. लिंबू कापून तसंच ठेवणाऱ्या आळशी लोकांसाठी स्टेनलेस. आणि रानातल्या कोयत्याला ट्रकच्या कमानीचा पाटा, दुसरं काही नाही. पाटा लवकर बोथट होतो खरा, पण मार खातो. बाभळीच्या गाठीवर बसला तर धार वाकेल, पातं तुटणार नाही. बेअरिंगचं पोलाद कडक, त्याला असला मार सोसत नाही. हे त्यानं शंभर जणांना तरी ऐकवलं असेल. आणि एवढं ऐकवून मालनमावशीच्या कोयत्याला त्यानं स्वतः बेअरिंगचंच पोलाद दिलं.

मालनमावशी म्हणजे मालनबाई, आईची धाकटी बहीण, राहायला पाचोडला. आई गेल्यावर दहावीपर्यंत तिनंच त्याला सांभाळलं होतं. दिवाळीत ती सहज म्हणाली, "सोमा, तू एवढा फॅक्टरीतला, अन् माझा कोयता चार दिसांत बोथट व्हतो बघ." झालं. सोमनाथसाहेबांच्या डोक्यात शिरलं की मावशीला असा कोयता द्यायचा की वर्षभर धार लावायला नको. शॉपमध्ये पोलादाच्या तुकड्यांना टोकाशी रंग मारलेला असतो, कोणतं पोलाद ते कळावं म्हणून. गेटवर कुणी ओळखू नये म्हणून सोमनाथनं रंगाचं टोकच कापून टाकलं आणि बाकीचा तुकडा जेवणाच्या डब्याखाली घालून बाहेर काढला.

कोयता घडवायला तो गेला कचरूमामांकडं. कचरूमामा पाचोडचे लोहार. नात्यानं कुणी नव्हेत, पण शाळा सुटली की सोमनाथ त्यांच्याच भात्यापाशी बसलेला असायचा, पात्याचं हे वेड त्यांनीच लावलेलं. मामा कारखान्यातल्या मालाला हात लावत नसत. एकदा कुणीतरी चोरीचं भंगार आणून दिलं होतं, त्यापायी पोलिसांनी त्यांना दिवसभर चौकीत बसवलं होतं. म्हणून सोमनाथनं बेधडक सांगितलं, की ट्रकचा पाटा आहे, लासूर स्टेशनच्या एका गॅरेजमधून आणलाय.

त्याचा बेत असा होता की मामांनी नुसता आकार द्यायचा, कडक करायचं काम आपण शॉपमध्ये गुपचूप करायचं. कारण पाट्याला मामा पाणी द्यायचे, म्हणजे लाल झालेलं पातं पाण्यात बुडवायचे. बेअरिंगचं पोलाद पाण्यात घातलं की तडकतं, त्याला तेलच लागतं. पण पातं लाल झालेलं बघून मामा म्हणाले, "लगोलग पाणी देऊन टाकतो. मालनबाईचं काम खोळंबलंय."

तेल म्हणायचं तर पाटा नाही हे कबूल करावं लागणार होतं. सोमनाथ गप्प बसला. मामांनी सांडशीत पातं धरलं, पाण्यावर नेलं आणि तिथंच थांबले.

"सोमा, पाटाच हाय ना रं हे?"

"पाटाच हाय, मामा."

पाणी चरचरलं. त्या चरचरीत एक बारीकसा 'टिक्' आवाज झाला. कोळसाही असाच वाजतो, असं सोमनाथनं स्वतःला समजावलं आणि संध्याकाळच्या बसनं शहरात परत आला.

कोयता चार महिने झकास चालला. मावशी फोनवर कौतुक करायची, याची छाती फुगायची. मग फाल्गुनात कुंपणासाठी बाभळी तोडताना तो मधोमध तुटला आणि पुढचा तुकडा उलटून मावशीच्या डाव्या हातात घुसला. जखम भरली, पण करंगळी आणि शेजारचं बोट वाकायचं ते कायमचं थांबलं. गावानं निकाल लावून टाकला: कचरूचा डोळा गेला, त्याला आता तापलेल्या लोखंडाचा रंग कळत नाही. मामांनी भट्टी विझवली. बाजारच्या दिवशी ते पोत्यावर शहरातून आणलेले तयार विळे मांडून बसायला लागले, हे सोमनाथला मावशीकडूनच कळलं. तेव्हाही तो बोलला नाही. नोकरी जाईल, मावशी काय म्हणेल, आपण गेलोच नाही तर विषय निघणार नाही. असले हिशेब करत त्यानं पाचोडला जाणंच टाकलं. घरातल्या सुऱ्यासुद्धा त्यानं फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकल्या. संध्यानं विचारलं तर तिच्यावरच खेकसला.

आणि एके दिवशी सकाळी मामाच दारात उभे राहिले. बजाजनगरमधली ती एकसारखी घरं, विचारत विचारत आलेले. हातात कापडी पिशवी, पिशवीत संध्यासाठी आणलेल्या शेंगा.

"शहरात वळखीचं तूच हायस, सोमा," मामा म्हणाले. "डोळ्याच्या डाक्टरकडं घिऊन चल मला."

सोमनाथनं रजा टाकली आणि त्यांना मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. तीन तास गेले. डोळ्यांत औषध घातलं, अक्षरं वाचून घेतली, रंगांच्या ठिपक्यांची पुस्तकं दाखवली. सोमनाथ बाकावर बसून मनातल्या मनात देवाला विनवत होता, की मामांच्या डोळ्यात काहीतरी निघू दे. आपण काय मागतोय हे ध्यानात आलं तेव्हा त्याची त्यालाच शिसारी आली.

डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. "बाबा, या वयात असे डोळे मी फार कमी बघते. मोतीबिंदू नाही, काही नाही. रंग तर अगदी स्वच्छ दिसतात तुम्हाला."

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. मामा दवाखान्याबाहेरच्या टपरीवर बसले, चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"मोतीबिंदू असता तर काढून घेतला असता," ते म्हणाले. "आता काय काढू? डोळा चांगला हाय म्हंजी माझा हातच गेला. न्हाय तर अक्कल गेली. लेकरा, पन्नास वर्सं म्या रंग बघून पाणी दिलं, अन् त्या बाईचा हात मोडून ठिवला."

सांगितलं नाही तर हा माणूस पोत्यावर विळे विकत मरेल, आणि मरेपर्यंत स्वतःलाच दोष देईल, हे सोमनाथला लख्ख दिसत होतं.

"मामा, तो पाटा नव्हता," तो म्हणाला. "बेअरिंगचं पोलाद व्हतं. शॉपमधून चोरून आणलेलं. त्याला तेल लागतं, मला ठावं व्हतं. तुम्ही पाणी देताना मी बघत बसलो. तडकल्याचा आवाज बी ऐकला मी."

मामांनी बशी बाजूला सरकवली. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"ठिणगी दाट व्हती," ते म्हणाले. "पाण्याआधी पातं सानेवर घासलं तवा बघितली मी. पाट्याची ठिणगी अशी दाट नसती, अशी फुलत न्हाय. म्हनून तर थांबून इचारलं तुला."

"व्हय, मामा."

"तू पाटा म्हनलास. मी म्हनलं, पोरगं फॅक्टरीतलं, त्याला आपल्यापेक्षा जास्ती कळतं. डोळा सांगत व्हता, अन् मी तुझं ऐकलं." मामांनी थंड झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. "दोनदा पाया पडून आलो मी मालनबाईच्या. तुला ठावं हाय का?"

सोमनाथला ठाऊक नव्हतं.

"मला ष्टँडवर सोडू नको. गाडी पाचोडला घे," मामा म्हणाले आणि उठले.

बीड रोडनं दीड तासाचा रस्ता होता. आडूळ गेलं तेव्हा सोमनाथच्या मनात आलं, की टायर पंक्चर झाला तरी चालेल. टायरला काही झालं नाही.

मावशी चुलीपुढं बसली होती. डाव्या हाताची दोन बोटं ताठ राहायची, त्यामुळं भाकरी एका बाजूला जाड यायची आणि ती पुन्हा पुन्हा फिरवून दाबत होती. सोमनाथला बघून तिचा चेहरा फुलला.

"आलास व्हय रं. गावात कळलं, मामा डोळं दाखवाया तुझ्याकडं गेलाय. नेलंस व्हय दवाखान्यात? लई पुण्याचं काम केलंस बघ." मग तिनं दाराकडं बघितलं. मामा उंबऱ्याबाहेरच उभे होते. कोयता तुटल्यापासून ते पाया पडायला आले तेही अंगणातच, घरात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. "काय म्हनला डाक्टर?"

"सोमा सांगंल," मामा म्हणाले.

सोमनाथ उभाच होता. हेल्मेट हातात तसंच राहिलं होतं.

"मामांचे डोळे चांगले हायेत, मावशी. हात बी चांगला हाय. त्यांना मी खोटं पोलाद दिलं. चोरीचं व्हतं, म्हनून पाटा म्हनून सांगितलं. तुझा कोयता माझ्यामुळं तुटला."

मावशीचा हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, वास सुटला. मग तिनं ती काढली, तव्यावर पाणी शिंपडलं आणि सोमनाथकडं न बघता दाराकडं तोंड केलं.

"कचरूभाऊ, भाईर का उभा ऱ्हायलास?" ती म्हणाली. "आत ये. ही करपलेली नगं, दुसरी टाकते. जेवून जा."

मामा चपला काढून आत आले आणि भिंतीशी टेकून बसले. मावशीनं एकच ताट घेतलं आणि मामांपुढं ठेवलं.