दाराबाहेर थांबलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना राखाडी कोट आहे आणि माझा जन्म घाईत झाला. ज्यांच्यासाठी मला शिवले त्या बाई सरकारात परदेशी व्यापाराच्या सल्लागार म्हणून रुजू होणार होत्या. मापे घेताना शिंपी वैतागून म्हणाला, "अहो, जरा एका जागी उभ्या राहा! टेप तुमच्यामागे पळतेय." बाई हसल्या, पण स्थिर काही राहिल्या नाहीत. माझी एक बाही किंचित आखूड झाली ती तेव्हाच.

त्यांचे काम तुम्हाला सांगतो. परदेशी माल देशात येतो तेव्हा सरकार त्यावर कर घेते. कर वाढवला की वस्तू महागतात. कर उतरवला की वस्तू स्वस्त होतात, पण इथल्या कुणाच्या तरी कारखान्याला कुलूप लागते. दोन देश समोरासमोर बसून यावर घासाघीस करतात. असे केले तर इथे काय होईल, हे त्याआधी मंत्र्यांना सांगणे हे बाईंचे काम. त्यासाठी त्या बंदरात जात, गोदामांत जात, कारखानदारांच्या शिव्याही खात. माझ्या अंगाला कधी मासळीचा वास लागे, कधी कापसाचे तंतू. एकदा मंत्री भर बैठकीत म्हणाले, "आकडे राहू द्या, राखाडी कोटाला विचारा." त्या दिवशी माझी कॉलर आपोआप ताठ झाली!

बाईंचा जीव मात्र थाऱ्यावर नसे. एक करार झाला की त्यांना पुढच्याची काळजी लागे.

बाईंची धाकटी बहीण हातमोजे शिवण्याचा छोटा कारखाना चालवत होती. आणि एका देशाने अटच घातली : तुमची मासळी आमच्याकडे विकायची असेल, तर आमच्या हातमोज्यांवरचा कर काढा. बोलणी गुप्त होती. बाहेर अवाक्षर काढायचे नव्हते.

नेमक्या त्याच आठवड्यात, बाजारातून येता येता धाकटीने विचारले, "ताई, शेजारचा गाळा रिकामा झालाय. घेऊ का? धंदा वाढवावा म्हणते."

माझ्या खिशातली बाईंची मूठ आवळली गेली.

"मला नको विचारूस."

"तुला नाही तर कुणाला विचारू? तू तर यातलीच."

"म्हणूनच नको विचारूस."

"इश्श, कमालच आहे बाई तुझी!" धाकटी म्हणाली आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन पुढे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी बाई सचिवसाहेबांपुढे उभ्या राहिल्या. "साहेब, हातमोज्यांचा विषय माझ्याकडून काढून घ्या. माझ्या बहिणीचा कारखाना आहे."

"हे इथे कुणाला ठाऊक आहे?"

"मला आहे."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्याइतका हा विषय दुसऱ्या कुणाला कळत नाही. विचार करा."

"केलाय, साहेब."

तेव्हापासून हातमोज्यांचा विषय निघाला की बाई उठून बाहेर येत. बंद दारासमोरचा तो व्हरांडा आम्ही दोघांनी किती तुडवला असेल! खिडकीपासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून खिडकीपर्यंत. आत त्या असत्या तर कर दरवर्षी थोडाथोडा उतरवा म्हणून भांडल्या असत्या. आत त्या नव्हत्या. कर एका फटक्यात गेला.

करार जाहीर झाला आणि धाकटी कचेरीत येऊन थडकली. तिने गाळा घेतला होता.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"एक शब्द, ताई. एका शब्दाने तुझं काय गेलं असतं?"

"तुला सांगितलं असतं, तर बाकीच्या कारखानदारांना कोण सांगणार होतं?"

"बाकीच्यांची तू बहीण आहेस का?"

धाकटीने माझी कॉलर धरून बाईंना गदागदा हलवले आणि ती रडत निघून गेली. माझे एक बटण जिन्यावरून टपटप खाली गेले. ते शोधायला कुणी वाकले नाही.

धाकटीने नवा गाळा सोडला. तिच्या कारखान्यातल्या निम्म्या बायकांना घरी बसावे लागले. बहिणी-बहिणींतले बोलणे बंद झाले. बाई मात्र एका गोष्टीच्या हात धुऊन मागे लागल्या. त्या प्रत्येक बैठकीत म्हणू लागल्या, "बोलणी सुरू व्हायच्या आधी त्या धंद्यातल्या सगळ्यांना उघड बोलवा."

"गुपित फुटेल," सचिवसाहेब म्हणायचे.

"किती सूट देणार ते ठेवा ना गुपित. कशावर बोलणार, ते कशाला लपवायचं?"

काही वर्षे सगळ्यांनी कानाडोळा केला. साहेब बदलले, मंत्री बदलले, माझी कोपरे विरली. शेवटी नव्या मंत्र्यांनी होकार दिला.

पहिल्या उघड सुनावणीला हातमोजेवाल्यांतर्फे कोण उभे राहिले असेल? धाकटी! केस पिकले होते, आवाज मात्र तसाच खणखणीत होता. ती म्हणाली, "मॅडम, कर काढायचा तर काढा. पण आधी सांगून काढा. आम्ही मेंढरं नाही."

"नोंद घेतली आहे," बाई म्हणाल्या. मी त्यांच्या अंगावर होतो, म्हणून मला कळले, त्यांना घाम फुटला होता.

सभा संपली. सभागृह रिकामे झाले. बाईंनी मला काढून खुर्चीच्या पाठीला लावले आणि त्या कागद आवरू लागल्या. धाकटी दारापर्यंत गेली, थबकली आणि मागे न वळता म्हणाली, "चहा पाजतेस, की तेही गुपित?"

बाई अशा धावल्या की मी खुर्चीवर आहे याचे त्यांना भानच राहिले नाही.

मित्रांनो, तेव्हापासून मी हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात आहे. शेजारी छत्र्या आहेत, कुणाची तरी एकच चप्पल आहे. बाईंवर माझा राग नाही. पण ज्याने आयुष्यभर व्हरांडे तुडवले त्याला असे लोंबकळत राहणे कसे जमावे? दार किरकिरले की माझ्या बाह्या शिवशिवतात. अशा कपाटाजवळून गेलात तर ते उघडून बघा. थंडीने कुडकुडणारे कुणीतरी तुमच्या ओळखीचे असेलच. एक बटण लावा आणि मला त्याच्या अंगावर चढवा. कापड विरले असले तरी ऊब शाबूत आहे. वस्तूने झिजून संपावे, पडून राहून नव्हे.