लार्किनची उसनी घंटा

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या लार्किन गावच्या कचेरीचा मनोरा रिकामाच होता. आजोबांच्या काळात जिल्ह्याची कचेरी कुठे असावी यावरून शेजारच्या डनमोर गावाशी भांडण पेटलं. कचेरी लार्किनला राहिली, पण डनमोरवाल्यांनी घोडागाडी आणून मनोऱ्यातली घंटा पळवली. लार्किनने दुसरी बसवली नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

आता छप्पर गळत होतं. येत्या मंगळवारी सगळा जिल्हा मत देणार होता: छप्पर दुरुस्त करायचं, की कचेरी हमरस्त्यावरच्या मोठ्या गावी न्यायची. डनमोरच्या मतांवाचून दुरुस्ती व्हायची नव्हती. कचेरीसमोर सिग्रिडची खानावळ. पहाटे आधी प्रार्थना, मग चूल, हा तिचा नेम. कचेरी गेली की चूलही विझणार, हे ती जाणून होती.

त्यातच डनमोरच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या एमिलची बायको वारली. सिग्रिडने कोंबडी-शेवयांचं भांडं भरलं.

"मतं मागायला निघालीस ना, ताई?" फ्लॉइड न्हाव्याने टोमणा मारला.

"त्याची बायको गेलीय, फ्लॉइड. आज जेवण द्यायचं, मागायचं काही नाही."

तिने खरंच काही मागितलं नाही. निघताना मात्र शेजारच्या चर्चमधली ती घंटा दिसली. दोरी गाठ मारून वर टांगलेली, धुळीने माखलेली.

"वाजवत नाही, एमिलदादा?"

"चोरीची कशी वाजवायची? आणि परत द्यायची, तर आजोबांना चोर म्हटल्यासारखं होतं."

"मग परत नका देऊ," ती हळूच म्हणाली. "उसनी द्या."

एमिलने वर टांगलेल्या दोरीकडे पाहिलं.

रविवारी प्रार्थनेनंतर त्याची गाडी खानावळीपुढे थांबली. दुःखाच्या घरी आलेलं भांडं तिकडे कुणी रिकामं परत करत नाही; भांड्यात आलुबुखार भरलेले गोड पाव होते. मागे गोधडीत गुंडाळलेली घंटा होती.

"उसनी म्हणजे किती दिवस?" फ्लॉइडने विचारलं.

"छप्पर टिकेल तोवर." एमिलने वर पाहिलं. "पण गळक्या मनोऱ्यात आमची घंटा टांगू देणार नाही आम्ही. मंगळवारी सगळं डनमोर इथे येऊन छपराच्या बाजूने मत देणार. मग जेवायला इथेच."

"तुमची घंटा?" फ्लॉइड उसळला.

सिग्रिडने त्याच्या हातात एक पाव ठेवला. "खा आधी."

मंगळवारी पहाटे प्रार्थना आटोपून तिने पीठ मळायला घेतलं. नेहमीची छोटी परात बाजूला ठेवून तिने मोठी परात काढली.