पाच ते सहा कॅमेरे बंद

"महिनाभर कॅमेरे नीट चालले तर तू तिथे राहा. नाही चालले तर सामान बांधायचं आणि आमच्याकडे यायचं," मुलगा फोनवर म्हणाला. मी शर्टाला काजं करत होते. सुई बोटात घुसली.

झालं होतं एवढंच, की मी मागच्या अंगणात पाय घसरून पडले आणि शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत दोन तास तिथेच बसून होते. पाय आठ दिवसांत बरा झाला, पण मुलाची काळजी काही बरी होईना. त्याचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, आठव्या मजल्यावर. सूनबाई गुणाची आहे, स्वतःची खोली काढून देईल. पण माझं शिलाई मशीन जाणार बाल्कनीत आणि गिऱ्हाइकं राहणार इथे. मला जायचं नव्हतं. त्या घरात मी दोन दिवस पाहुणी म्हणून शोभते, तिसऱ्या दिवशी माझी मलाच अडचण व्हायला लागते.

तेव्हा मी म्हटलं, लाव बाबा कॅमेरे.

मुलाने पाठवलेला नेटवर्कवाला चाळिशीचा, गोल पोटाचा आणि भारी बोलका. आमच्या गल्लीत इंटरनेटची तार आलेली नाही, म्हणून त्याने मोबाइलचं सिम घालायचा राउटर आणला होता. ती डबी हातात घेऊन तो रेंज शोधत घरभर फिरला. कपाटावर रेंज नव्हती. मशीनवर होती, पण तिथून मी त्याला उठवलं. शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीत, पिठाच्या डब्यावर डबी ठेवली आणि तिचे सगळे हिरवे दिवे लागले.

"काकू, पीठ काढताना हिला जपून उचला," तो म्हणाला.

एक कॅमेरा पुढच्या दारावर, एक मागच्या अंगणात. घरात तिसरा लावायला तो निघाला होता. मी कात्री हातात घेऊन म्हटलं, "मी घरात कशी वावरते ते कुणी बघायचं नाही." त्याने तिसरा कॅमेरा निमूटपणे खोक्यात भरला.

भिंतीतली वायरिंग बघून मात्र तो खूश झाला. का होणार नाही? आमचे हे वायरमन होते. जळलेली घरं बघून बघून त्यांनी घराला एक नियम लावला होता: कुलूप लावायच्या आधी मेन स्विच खाली. दाराशेजारच्या त्या पेटीखाली त्यांनी लाल रंगात लिहून ठेवलंय, 'जाताना बंद'. फ्रिजचं काय, असं मी एकदा विचारलं होतं. "दार उघडलं नाही तर तो तासभर थंडच राहतो, माणसांसारखा तापत नाही," असं म्हणून ते माझ्याकडे बघून हसले होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. अक्षरं अजून तशीच आहेत.

तिसऱ्याच दिवशी मुलाचा फोन. "आई, काल संध्याकाळी पाच ते सहा कॅमेरे बंद होते. परवाही."

"मी तर फिरायला गेले होते. मला काय माहीत?"

नेटवर्कवाला आला. त्याने तारा ओढून पाहिल्या. "काकू, तुमच्याकडे लाइट जाते का?"

"इथली लाइट कधी जात नाही," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

मग टॉवरवर संध्याकाळी गर्दी होत असेल, असं म्हणून त्याने दुसऱ्या कंपनीचं सिम घातलं. पुन्हा पाच ते सहा बंद. मग त्याने राउटर बदलला. तरी पालथ्या घड्यावर पाणी. तो येई तेव्हा सगळे दिवे हिरवेगार असत आणि बिचारा डोकं खाजवत परत जाई.

विसाव्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, तूच मुद्दाम बंद करत नाहीस ना?"

माझा तिळपापड झाला. ज्या कॅमेऱ्यांवर माझं घर टिकून आहे, ते मी बंद करीन? मी फोन ठेवून दिला आणि मग मशीनपाशी बसून पोटभर रडले.

महिना भरला. मुलगा रविवारी दुपारी गाडी घेऊन आला. अट म्हणजे अट. मी दोन बॅगा भरल्या. मशीन पुढच्या खेपेला न्यायचं ठरलं. त्याने बॅगा पायरीवर ठेवल्या, मी चपला घातल्या. त्याने एका हाताने दार धरलं आणि दुसरा हात, न बघताच, भिंतीवरच्या पेटीकडे नेऊन मेन खाली ओढला.

त्याच्या खिशात फोन वाजला. त्याने काढून बघितला. दोन्ही कॅमेरे बंद.

त्याने फोनकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, मग माझ्याकडे. मी त्या लाल अक्षरांकडे बघत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही दोन सिमकार्डं घालून.

"तू रोज हे करतेस?"

"तू नाही करत?"

"करतो," तो म्हणाला. "बायको रोज ओरडते, मासे ठेवलेत त्या टाकीचा पंप बंद पडतो म्हणून."

तो पायरीवर बॅगेवरच बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. हसता हसता त्यातलं थोडं पाणी वेगळं होतं, ते मला कळलं. मग त्याने नेटवर्कवाल्याला फोन लावला आणि राउटरला, कॅमेऱ्यांना दोन-तीन तास पुरेल अशी बॅटरी मागितली.

बॅगा त्याने स्वतः आत नेल्या. पाच वाजले होते.

"जा, तुझी फिरायची वेळ झाली," तो म्हणाला. "मी आहे घरी."

"आणि मेन?"

"मी आहे ना आत. राहू दे चालू."

मी निघाले. वळणापाशी मागे पाहिलं. दारावरचा कॅमेरा आज चालू होता, तरी तो दारात उभा राहून माझ्या पावलांकडे बघत होता.